क्लासची वेबसाइट: रात्री साडेदहालाही उघडं असलेलं चौकशीचं टेबल

दहावीचा निकाल लागून दोन दिवस झालेत. जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि आई पलंगाच्या कडेला बसून मोबाइलवर शोधते आहे: 'अकरावी सायन्स क्लास कराड'. चार-पाच नावं येतात. पहिलं उघडलं तर चाक नुसतं गरगर फिरतंय. दुसऱ्यात 'उज्ज्वल भविष्याचा राजमार्ग' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि खाली हसणारी परदेशी मुलं. तिसऱ्यात बॅचच्या वेळा आहेत, फी आहे, फिजिक्स कोण शिकवतं ते आहे, एसटी स्टँडपासून चालत किती मिनिटं तेही आहे. ती तिसऱ्या क्लासला व्हॉट्सॲपवर लिहिते, 'नमस्कार, डेमो लेक्चर कधी आहे?'

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. आमच्या क्लासची वेबसाइट पहिली काही वर्षं दुसऱ्या प्रकारातली होती. तिच्यावरून एकही ॲडमिशन आली नव्हती, आणि आम्हाला वाटायचं की गावात वेबसाइट बघून कोण येतं? पालक बघत होते. बघून पुढे जात होते. ती साइट हळूहळू बदलताना जे हाताला लागलं ते इथे क्रमानं लिहितो आहे. तुमचा क्लास छोटा असेल, वेबसाइट कोणाकडून तरी करून घेतलेली असेल आणि तिच्याकडून काही होत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. कोडिंग येण्याची गरज नाही.

पायरी १: आधी वही घ्या

वेबसाइटला हात लावण्याआधी दोन आठवडे फोनजवळ एक वही ठेवा. चौकशी करणारा प्रत्येक पालक जे विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. सुधारून लिहू नका. 'सर, संध्याकाळची बॅच सुटते किती वाजता?' याचं वहीत 'बॅचची वेळ' असं करू नका. त्या आईला घड्याळ नको आहे, मुलगी अंधार पडायच्या आत घरी पोचेल का ते हवं आहे. त्याचं उत्तरही तसंच द्यावं लागतं.

आमच्या वहीत 'तुमच्या संस्थेचं ध्येय काय?' हा प्रश्न एकदाही आला नाही. आले ते असे: केमिस्ट्री कोण घेतं? एका बॅचला मुलं किती? सेमीचा मुलगा आहे, सगळं इंग्रजीतून झेपेल का? कॉलेज सकाळचं मिळालं तर क्लास कधी? उंब्रजहून येणार, परतीची एसटी मिळेल ना? सीईटीचं वेगळं घेता की त्यातच? हप्ते पाडून चालतील का? मधेच सोडला तर पैसे परत मिळतात?

दोन आठवड्यांनी बसून मोजा. जे पाच-सहा प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते तुमच्या वेबसाइटचं पहिलं पान. बाकीचे आतली पानं. आता तुमची सध्याची साइट उघडा आणि या पाच प्रश्नांची उत्तरं तिथे सापडतात का ते बघा. आमच्याकडे पाचांपैकी एकाचंही नव्हतं. पत्ता तेवढा होता.

हे काम फोनवर बसणाऱ्या माणसानंच करावं. आमच्याकडे चौकशी माझी बायको बघते, आणि पालकांना नेमकं काय विचारायचं असतं हे वर्गात खडू घेऊन उभ्या असलेल्या मला कधीच नीट कळलेलं नव्हतं.

पायरी २: डोमेन कोणाच्या नावावर आहे?

ही पायरी कोरडी आहे, पण ती चुकली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

आमचं पहिलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, साइट बनवणाऱ्या मुलानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिली, आणि ऐन मे महिन्यात साइट बंद पडली. पॅम्प्लेटवर, फ्लेक्सवर, रिक्षामागच्या बोर्डावर तोच पत्ता छापलेला. त्या वर्षी किती जणांनी तो टाइप करून बघितला आणि परत गेले, ते आम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून आजच तीन गोष्टी विचारा. डोमेन ज्या खात्यातून घेतलं त्याचा ईमेल आणि पासवर्ड तुमच्याकडे आहे का? होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या भाड्याच्या जागेचं, खातं कोणाचं आहे? दोन्हींची मुदत कधी संपते? खातं दुसऱ्याचं असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच डोमेन स्वतःच्या खात्यात हलवून घ्या. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

याच वेळी पत्त्याच्या डाव्या बाजूला बघा. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटवर, म्हणजे मधली माहिती सांकेतिक न करणाऱ्या साइटवर, 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखवतो. तो दिसत असेल तर होस्टिंगवाल्याला एसएसएल प्रमाणपत्र बसवायला सांगा. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आणि बहुतेक होस्टिंगमध्ये ते चार क्लिकमध्ये बसतं. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर दुसरीकडे विचारा.

पायरी ३: पालकाच्या मोबाइलवर उघडून बघा

तुम्ही स्वतःची साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, वायफायवर बघता. पालक बघतो तो तीन-चार वर्षं जुन्या फोनवर, डेटा संपत आलेला असताना. एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि उघडून बघा. गुगलसुद्धा पानांची नोंद घेताना मोबाइलवरचंच रूप धरतो.

साइट जड होण्याचं कारण छोट्या क्लासच्या बाबतीत जवळपास नेहमी एकच असतं: फोटो. सत्काराचे, सहलीचे, गुरुपौर्णिमेचे फोटो फोनमधून काढून थेट चढवलेले असतात. एकेक ३-४ एमबीचा. असे दहा फोटो एका पानावर असले की पान उघडेपर्यंत पालक परत फिरलेला असतो. 'स्क्वूश' नावाचं गुगलचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटो टाकायचा, रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणायची, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात उतरवायचा. तोच फोटो १००-१५० केबीत बसतो आणि मोबाइलवर डोळ्यांना फरक कळत नाही.

मग 'पेजस्पीड इनसाइट्स' या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर तुमचा पत्ता टाकून मोबाइलचा आकडा बघा. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलनं चांगल्या पानासाठी ठेवलेली कसोटी आहे. १०० पैकी १०० मिळवण्याच्या मागे लागू नका. घसरत जाणारी छायाचित्रपट्टी, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि 'वेलकम' म्हणत मधेच उघडणारी खिडकी एवढं काढलं तरी बराच भार उतरतो.

पायरी ४: पहिला पडदा

मोबाइलवर बोट न सरकवता जेवढं दिसतं तो पहिला पडदा. त्याची जागा फार मौल्यवान आहे, आणि बहुतेक क्लास ती लोगो, घोषवाक्य आणि संस्थापकांच्या मोठ्या फोटोला देऊन टाकतात.

तिथे चार ओळी पुरतात. आमच्या साधारण अशा आहेत:

अकरावी-बारावी सायन्स: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स
बोर्ड आणि एमएचटी-सीईटी एकत्र, एका बॅचला ३५ विद्यार्थी
एसटी स्टँडपासून चालत ७ मिनिटं
पुढचं डेमो लेक्चर: रविवार सकाळी १० वाजता, फी नाही

आणि खाली दोन बटणं: फोन करा, व्हॉट्सॲप करा. बस.

'गुणवत्तेचा ध्यास', 'यशाची परंपरा' हे शब्द गाळताना मलाही जड गेलं, कारण ते मी मनापासून लिहिले होते. पण शेजारच्या क्लासनंही तेच लिहिलं होतं. एका बॅचला ३५ मुलं, हे त्याला लिहिता येत नव्हतं.

पायरी ५: मराठीत लिहा, आणि युनिकोडमध्येच

कराडच्या पालकाला इंग्रजी परिच्छेद वाचून दाखवायला मुलगा शेजारी बसवावा लागत असेल, तर ती साइट आपण नक्की कोणासाठी केली? मजकूर मराठीत असू द्या. विषयांची, परीक्षांची नावं जशी बोलली जातात तशीच ठेवा. 'भौतिकशास्त्र' एकदा लिहा, पण सगळीकडे 'फिजिक्स' लिहा, कारण शोधणारा तेच टाइप करतो.

एक तांत्रिक गोष्ट इथे पक्की करून घ्या. पॅम्प्लेट छापणाऱ्याकडचा मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो तसाच साइटवर चिकटवला की वाचकाला अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यावर उपाय म्हणून साइटवाला अख्ख्या पॅम्प्लेटचा फोटोच चढवतो. फोटोतला मजकूर मोबाइलवर दोन बोटांनी ताणून वाचावा लागतो, त्यातला नंबर दाबून फोन लागत नाही, आणि मजकूर म्हणून तो शोधात नीट उतरतही नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीनं, पुन्हा टाइप करा. चार पानांचं काम एका संध्याकाळचं आहे, फोनवर बोलूनही टाइप होतं. देवनागरीसाठी 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फुकट फॉन्ट छोट्या पडद्यावर स्वच्छ दिसतात.

पायरी ६: फी लिहा

यावर आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला. माझं म्हणणं होतं की फी आधी सांगितली तर माणूस शिकवणं न बघताच परत जाईल. बायकोचं म्हणणं होतं की ज्यांना परवडत नाही ते आज ना उद्या जाणारच आहेत, आणि ज्यांना परवडतं पण फोनवर पैशांचं विचारायला संकोच वाटतो ते मात्र आत्ता जात आहेत. तिचं बरोबर निघालं. फी लिहिल्यावर चौकशीचे फोन थोडे कमी झाले, पण जे आले ते डेमोला बसणारे होते.

फी लिहायची तर पूर्ण लिहा. वार्षिक रक्कम, त्यात काय काय आलं (नोट्स, टेस्ट सिरीज, सीईटीच्या सराव परीक्षा), हप्ते किती आणि कोणत्या महिन्यात, भावंडांना सवलत असेल तर ती. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि कोचिंगवर १८ टक्के कर बसतो. म्हणजे ४०,००० लिहून नंतर ४७,२०० मागितले तर पालकाला फसवल्यासारखंच वाटणार. करासकट आकडा आधीच लिहा.

मधेच सोडल्यास काय, हेही लिहा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४मध्ये कोचिंग सेंटरसाठी राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं दिली. पूर्ण फी भरून मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. क्लासची वेबसाइट असावी आणि तिच्यावर शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, कालावधी, फी आणि परताव्याचे नियम अद्ययावत असावेत, हेही त्यातच आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असंही त्या तत्त्वांत आहे. ५०हून जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरांना समोर ठेवून ती लिहिली आहेत, आणि दहावीपर्यंतचे क्लास घेणाऱ्यांनी तर ती मुळातून वाचायलाच हवीत. पण नियम सांगतो म्हणून नव्हे, पालक विचारतो म्हणून हे साइटवर असायला हवं. आमच्याकडे परताव्याचं पान टाकल्यापासून फी परत मागणारे वाढले नाहीत. विश्वास टाकणारे वाढले.

पायरी ७: निकालाचं पान जपून करा

क्लासच्या साइटवर सगळ्यात जास्त बघितलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडलेलं पान हेच.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियमावली काढली. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याला थेट लागू पडतात. एक, यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. ॲडमिशनच्या फॉर्मवरच सही घेऊन ठेवली, हे चालत नाही. दोन, फोटोसोबत त्यानं आपल्याकडे कोणता कोर्स केला, किती काळ केला आणि पैसे भरून केला का, हे लिहावं लागतं. दोन महिने टेस्ट सिरीजला आलेला मुलगा दोन वर्षांचा विद्यार्थी म्हणून दाखवता येत नाही. तीन, निवडीची हमी आणि 'शेवटच्या ५ जागा' अशी खोटी घाई दोन्हींना मनाई आहे. अटी लिहायच्या तर दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत, तळाशी मुंगीच्या पावलांत नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. या नियमावलीतही ५०हून जास्त विद्यार्थ्यांची रेषा आहे. पण तुमच्याकडे ३० मुलं असली तरी हेच पाळा.

सीईटीचे आकडे लिहिताना आणखी एक काळजी. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के गुण नव्हेत. फ्लेक्सवर नुसतं '९८' लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. ज्या पालकाला फरक माहीत नाही तो हुरळतो आणि ज्याला माहीत आहे तो आपल्यावरचा विश्वास गमावतो. पर्सेंटाइल असेल तर पर्सेंटाइल लिहा, आणि शक्य झालं तर एका ओळीत त्याचा अर्थ द्या: शंभरातल्या साधारण ९८ जणांच्या बरोबरीनं किंवा पुढे.

मी तर म्हणेन, टॉपरच्या फोटोंपेक्षा संपूर्ण बॅचचा निकाल द्या. या वर्षी ६४ जणांनी बारावी दिली, इतक्यांना ९० टक्क्यांवर, इतक्यांना ७५ ते ९०, इतक्यांना त्याखाली. असा तक्ता टाकायला धाडस लागतं. पण ज्या पालकाचा मुलगा दहावीला ७८ टक्क्यांवर आहे त्याला टॉपरचं काय करायचं? त्याला ७८वाल्यांचं पुढे काय झालं ते बघायचंय. आणि क्लासमध्ये येणारी बहुतेक मुलं त्याच्यासारखीच असतात.

पायरी ८: माणसं आणि जागा दाखवा

प्रत्येक शिक्षकासाठी तीन ओळी: नाव, शिक्षण, किती वर्षं आणि कोणत्या इयत्तेला शिकवतात. सोबत फळ्यासमोरचा साधा फोटो. विकत घेतलेले गोऱ्या मुलांचे फोटो आजच काढून टाका.

जागेचे फोटो दिवसाउजेडी काढा: वर्ग, बाकं, जिना, सायकली लावायची जागा, मुलींचं स्वच्छतागृह, पाण्याची टाकी. जिन्याचा आणि बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेचा फोटो कशाला, असं वाटेल. २४ मे २०१९ला सुरतमध्ये क्लास चालणाऱ्या इमारतीला आग लागून २२ जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. २७ जुलै २०२४ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमधल्या एका क्लासच्या तळघरात पाणी शिरून ३ विद्यार्थी गेले. पालक हे विसरलेले नाहीत. तोंडानं विचारत नाहीत एवढंच. तुमच्याकडे दुसरी वाट नसेल तर वेबसाइटआधी ती करा.

पायरी ९: गुगलवर सापडा

छोट्या क्लाससाठी यातलं सगळ्यात मोठं काम वेबसाइटच्या बाहेर आहे: गुगल बिझनेस प्रोफाइल. पूर्वी याला गुगल माय बिझनेस म्हणायचे. 'क्लास' शोधल्यावर नकाशासकट जी नावं वर येतात ती इथली. नोंदणी फुकट आहे. खातरजमेसाठी गुगल बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतो. त्यात बाहेरची पाटी, रस्ता आणि आतली जागा सलग दाखवा. 'गुगलमधून बोलतोय, प्रोफाइल चालू ठेवायला पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या.

प्रकार 'कोचिंग सेंटर' निवडा. नाव पाटीवर आहे तेच. नावात 'बेस्ट नंबर वन सायन्स क्लास कराड' कोंबलं तर ते गुगलच्या नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पत्ता आणि फोन वेबसाइटवर, प्रोफाइलवर आणि पॅम्प्लेटवर सारखाच असू द्या. पालकांना अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्याबदल्यात फीत सूट देऊ नका. तीही नियमाविरुद्ध आहे. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी उत्तर न देता दुसऱ्या दिवशी शांतपणे द्या. पुढचे पन्नास पालक ते उत्तर वाचणार आहेत.

वेबसाइटमध्ये प्रत्येक पानाचं शीर्षक तपासा, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या यादीत दिसणारी ओळ. अनेक साइटवर तिथे नुसतं 'होम' असतं. त्याजागी 'अकरावी-बारावी सायन्स व सीईटी क्लास, कराड' लिहा. प्रत्येक कोर्सला वेगळं पान द्या: नीटची मुलं आणि सीईटीची मुलं वेगळं शोधतात.

पायरी १०: पुढचं पाऊल सोपं करा

वेबसाइटवरून कोणी ४० हजार भरणार नाही. तिनं पालकाला आणि मुलाला डेमो लेक्चरला आणून बसवलं की तिचं काम झालं, पुढचं काम फळ्याचं. म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी डेमोची तारीख आणि व्हॉट्सॲपचं बटण हवं. बटणाच्या दुव्यात नंबर देशाच्या ९१ या आकड्यापासून सुरू करा, पुढे शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको, नाहीतर दुवा उघडत नाही. त्यात संदेश आधीच भरून ठेवता येतो: 'नमस्कार, अकरावीच्या डेमो लेक्चरला यायचं आहे.' पालकाला फक्त पाठवायचं उरतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रात्रीसाठी आपोआप जाणारं उत्तर लावा: 'संदेश मिळाला. उद्या सकाळी ११ पर्यंत फोन करतो.' आणि ११ च्या आत खरंच करा.

फॉर्म ठेवायचाच असेल तर तीन रकान्यांचा: नाव, इयत्ता, फोन. जन्मतारीख, आधार, वडिलांचं उत्पन्न हे चौकशीत मागू नका. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येणारी संमती हवी, असं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३मध्ये आहे. म्हणून फोन पालकाचाच मागा.

पायरी ११: एखादं पान शिकवून दाखवा

ही पायरी माझ्या आवडीची आहे. आपण शिक्षक आहोत, मग साइटवर शिकवूया. वहीतला एक प्रश्न घ्या आणि त्याचं पूर्ण, खरं उत्तर एका पानावर लिहा.

उदाहरणार्थ: 'सीईटीसाठी अकरावी सोडून दिली तर चालतं का?' उत्तरात आकडे द्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीच्या निवडक धड्यांवर साधारण २० टक्के प्रश्न येतात, म्हणजे २०० पैकी सुमारे ४० गुण. शिवाय बारावीचं रोटेशनल डायनॅमिक्स अकरावीच्या न्यूटनच्या नियमांवर उभं आहे, ते वेगळंच. एवढं लिहिलं की अकरावी का सोडू नये हे मुलाला स्वतःलाच कळतं, आणि हे ज्यानं समजावलं त्याचा क्लास कुठे आहे ते तो बघतो.

असं महिन्याला एक पान पुरे. 'अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया कशी भरायची', 'सेमीच्या मुलानं पहिल्या दोन महिन्यांत काय करावं', 'बोर्ड आणि सीईटीचा अभ्यास एकत्र कसा बसतो'. दुसऱ्या साइटवरून उचलून काही टाकू नका. वर्गात बोलता तसं लिहा.

पायरी १२: मोजा, आणि तारखा बदला

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. साइट त्याला जोडली की पालक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले हे १६ महिन्यांपर्यंत मागचं दिसतं. महिन्यातून एकदा बघा. 'सीईटी क्लास हॉस्टेल' असा शोध वारंवार दिसला आणि तुमच्याकडे हॉस्टेल नसेल, तर जवळच्या खानावळी आणि खोल्यांची माहिती देणारं पान करा.

खरा हिशेब मात्र वहीतच ठेवा. चार रकाने: चौकशी कुठून आली, कधी फोन केला, डेमोला बसला का, ॲडमिशन झाली का. चौकश्या भरपूर आणि डेमो कमी, तर फोन उशिरा जातोय किंवा डेमोची वेळ अडचणीची आहे. डेमो भरपूर आणि ॲडमिशन कमी, तर वेबसाइटला दोष देऊ नका, लेक्चर बघा.

हे सगळं मे महिन्यात सुरू करून उपयोग नाही, कारण नवीन पानं गुगलवर वर यायला काही महिने जातात. डिसेंबर-जानेवारीत साइट दुरुस्त करा, मार्चपर्यंत नवीन फी आणि बॅचच्या वेळा टाका. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी सकाळी पहिल्या पडद्यावरची डेमोची तारीख तपासा. बॅच भरली की त्याच दिवशी 'बॅच भरली, पुढची अमुक तारखेला' असं लिहा. ऑगस्टमध्ये निकालाचं पान नवीन करा, संमतीपत्रं गोळा करून. या चारही तारखा मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि फोनवर जो बसतो त्याच्याही मोबाइलमध्ये.